मुनिमाबद्दल विचाराच, भाऊ

पत्र : ताई, नमस्कार. मी कळमना मार्केटमध्ये एका अडत्याकडे दिवाणजी आहे. बावीस वर्षं झाली, शेतकऱ्यांच्या हिशेबाच्या पट्ट्या लिहून राहिलो. शिक्षण बारावी. वाचनाचा नाद मात्र लहानपणापासून. माझ्या आवडीचे कादंबरीकार या रविवारी नागपुरात येऊन राहिले. झाशी राणी चौकाजवळच्या सभागृहात त्यांची प्रकट मुलाखत आहे, मग स्वाक्षरी. त्यांची एक कादंबरी मी सात वेळा वाचली. पण माझ्याजवळ पुस्तक नाही, झेरॉक्स आहे. २००९ मध्ये ते कुठेच मिळत नव्हतं, म्हणून वाचनालयातली प्रत आणून झेरॉक्स काढली न स्पायरल बांधून घेतली. पान ८४ वर तर झेरॉक्सवाल्याचा अंगठाही छापला गेला आहे. समासात मी कामाच्या वेळी गाड्यांचे नंबर न संत्र्याचे भाव लिहीत गेलो. आता नवी आवृत्ती निघाली म्हणतात. मग झेरॉक्सवर सही मागावी का? दुसरी गोष्ट, त्या कादंबरीतला मुनीम शेतकऱ्याला वजनकाट्यात मारतो. पूर्ण पुस्तकात एकदाही माणसासारखा वागत नाही. मी तेच काम करतो. असा काहून दाखवला, हे मला त्यांना विचारायचं आहे. पण माझं बोलणं हे असं, न हॉलमध्ये सारे प्राध्यापक-गिध्यापक. बायको म्हणते, सही घ्या न चूपचाप घरी या, वाद कशाला घालता. काय करू? – एक दिवाणजी, कळमना

भाऊ, रविवारला फार दिवस उरले नाहीत, म्हणून आधी सरळ उत्तर देते. जा. सही नव्या प्रतीवर घ्या. झेरॉक्स पिशवीत घालून न्याच. आणि मुनिमाबद्दल विचारा. वहिनींना वाटतं तसा तो वाद नाही. एखादं पुस्तक सात वेळा वाचलं की त्याच्यावर वाचकाचा म्हणून जो हक्क तयार होतो, त्या हक्काचा हा प्रश्न आहे.

मी एकतीस वर्षं नागपुरातल्या एका वाचनालयात ग्रंथपाल होते. लेखकांचे कितीतरी कार्यक्रम तिथे झाले. त्यातले बहुतेक आता आठवतही नाहीत, पण एक संध्याकाळ पक्की लक्षात आहे. मेडिकल हॉस्पिटलमधल्या एक परिचारिका ड्यूटी संपवून थेट आल्या होत्या. शेवटून दुसऱ्या रांगेत, मांडीवर डब्याची पिशवी. प्रश्नोत्तरं सुरू झाली तेव्हा पहिले तीन-चार प्रश्न नेहमीचेच आले. लेखनाची प्रेरणा काय, तरुण पिढी वाचत नाही याबद्दल काय वाटतं, आगामी लेखन कोणतं. मग या बाई उठल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या कादंबरीत म्हाताऱ्याला रात्री नऊला सलाईन लावतात आणि सकाळी तीच बाटली चालू असते. पाचशेची बाटली आहे. मी रात्रपाळी करते. रात्री कुणीतरी उठून ती बदलली असणार. ती बाई पुस्तकात कुठे आहे?"

सभागृह एकदम गप्प झालं. लेखक थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी खिशातून पेन काढलं, समोरची निमंत्रणपत्रिका उलटी केली आणि तिच्या कोऱ्या बाजूवर काहीतरी लिहून घेतलं. "हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं," एवढंच म्हणाले. पण त्यानंतर ते जे बोलले, वडिलांच्या आजारपणातल्या रात्रींबद्दल, ते त्या दिवशीच्या तासाभराच्या मुलाखतीत कुठेच आलं नव्हतं. दोनेक वर्षांनी त्या कादंबरीची नवी आवृत्ती वाचनालयात आली. पुस्तकाची नोंद करायच्या आधी मी ते पान उघडलं. तिथे एक ओळ वाढली होती. रात्री कुणीतरी येऊन बाटली बदलतं, म्हाताऱ्याला फक्त चपलांचा आवाज ऐकू येतो.

तुमचा प्रश्न याच जातीचा आहे. त्या कादंबरीकारांनी काटा शेतकऱ्याच्या बाजूला उभं राहून पाहिला. त्या बाजूने तो तसाच दिसत असणार, हेही तुम्ही मनात धरा. आज फळं-भाजीपाल्याची अडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, खरेदीदाराकडून घेतात, पण हा बदल राज्यात २०१६ साली झाला. तुमच्याजवळची प्रतच २००९ची, म्हणजे कादंबरी त्या आधीच्या काळातली. तेव्हा अडत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जायची. अडत गेली, हमाली गेली, तोलाई गेली, असं करत करत शेवटी जो आकडा उरायचा, तो लिहून हातात देणारा माणूस मुनीम. मालक आत गादीवर. रात्रभर गाडीत बसून आलेल्या शेतकऱ्याला समोर दिसायचा तो मुनिमाचाच हात, आणि सगळा राग त्याच हातावर निघायचा. लेखकाने तो राग खरा टिपला. पण ज्याच्यावर तो निघाला त्या माणसाचं काय, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसेल. तुम्ही सांगू शकता. त्या सभागृहात ते सांगू शकणारा बहुधा तुमच्याशिवाय दुसरा कुणी नसेल.

म्हणून प्रश्न कसा विचारायचा यावर जरा विचार करा. "तुम्ही मुनिमाला असं का दाखवलं?" असं विचारलंत तर लेखक स्वतःचा बचाव करायला लागेल. कुणीही करेल. "आम्हा लोकांना बदनाम केलं" असं म्हणालात तर सूत्रसंचालक मध्ये पडतील आणि माइक पुढच्या माणसाकडे जाईल. मी तुमच्या जागी असते तर साधारण असं म्हटलं असतं : "सर, मी कळमन्यात दिवाणजी आहे. तुमची कादंबरी सात वेळा वाचली. त्यातला मुनीम संध्याकाळी दुकान बंद करून घरी जातो, पण त्याचं घर मला एकदाही दिसलं नाही. ते तुमच्या मनात होतं का?" यात सगळं आलं. तुम्ही कोण ते आलं, पुस्तकावरचं प्रेम आलं, खंत आली, आणि त्यांना उत्तर द्यायला मोकळी जागाही राहिली. शब्द तुमचे घाला, माझे पाठ करू नका. एका चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा. उभं राहिलं की भल्याभल्यांचं पहिलं वाक्य हरवतं. आणि प्रश्नाच्या आधी आभाराचं भाषण नको. आपल्याकडे माइक हातात आला की माणूस आधी दोन मिनिटं भारावून बोलतो, तोवर लोक घड्याळ पाहू लागतात.

ते कदाचित म्हणतील, "ही गोष्ट मी शेतकऱ्याच्या पोराच्या डोळ्यांनी सांगितली. त्या पोराला मुनिमाचं घर कुठून दिसणार?" हे उत्तर आलं तर 'मला टाळलं' असं समजू नका. कादंबरी कुणाच्या नजरेतून सांगायची हे ठरलं की बाकीच्यांच्या घराची दारं आपोआप बंद होतात, हे लिहिणाऱ्याला पत्करावंच लागतं. ते प्रामाणिक उत्तर असेल. आणि पुढच्या वेळी मुनीम लिहिताना त्यांना तुम्ही आठवाल.

हा प्रश्न सभागृहातच विचारा, सहीच्या टेबलापाशी नको. तिथे तुमच्या मागे तीस-चाळीस माणसं उभी असतात आणि लेखकाचा हात चालू असतो. त्या घाईत नीट उत्तर मिळत नाही, आणि इतरांना ते ऐकूही येत नाही. सभागृहात तुमच्यासारखे आणखी कुणी बसले असतील. बँकेतला शिपाई, तलाठी, कंपाउंडर, ज्यांची कादंबरीत नेहमी एकाच रंगाची चित्रं येतात, त्यांनाही ते ऐकू द्या.

आता तुमच्या बोलण्याबद्दल. इथे मला थोडं लांबून यावं लागेल. तुमच्या यार्डात मोर्शीकडचा संत्रा येतो, गाड्यांचे नंबर तुम्हीच समासात लिहिले असतील. त्या मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी तिथे लीळाचरित्र सिद्ध केलं. मराठीतला आद्य गद्यग्रंथ म्हणतात तो हाच. तो त्यांनी घरी बसून रचला नाही. चक्रधरस्वामींना ज्यांनी पाहिलं, जे त्यांच्यासोबत हिंडले, अशा माणसांना त्यांनी गाठलं, विचारलं आणि ज्याने जे पाहिलं-ऐकलं ते त्याच्याकडून घेतलं. सांगणाऱ्यांत पंडित होते तशा साध्या बायाही होत्या. कुणी काय पाहिलं याला तिथे मोल होतं. आज त्याच रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ उभं राहिलं आहे. आणि ज्यांना तुम्ही घाबरता ते प्राध्यापक उद्धव शेळक्यांची 'धग' वर्गात शिकवतात. १९६० साली आलेल्या त्या कादंबरीतली माणसं वऱ्हाडीत बोलतात, म्हणूनच ती इतकी खरी वाटतात. पुस्तकात छापलेलं चालतं आणि सभागृहात बोललेलं चालत नाही, असा नियम कुणी केला? 'येऊन राहिले' तोंडात येत असेल तर 'येऊन राहिले'च म्हणा. फक्त सावकाश बोला आणि माइक हनुवटीजवळ धरा. मोठ्या सभागृहात आवाज घुमतो, मागच्यांना अर्धं कळत नाही.

तुम्हाला इतक्या आग्रहाने सांगते आहे त्याला एक कारण आहे. वाचनालयाच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्या अत्यंत आवडीच्या एक लेखिका नागपूरला आल्या होत्या. मी रांगेत उभी राहिले. माझ्याजवळ सांगण्यासारखी गोष्ट होती. त्यांच्या एका कादंबरीची आमच्याकडची प्रत एक आजी दर पावसाळ्यात घेऊन जायच्या आणि परत करताना प्रत्येक वेळी नव्या वर्तमानपत्राचं कव्हर घालून आणायच्या. त्या लेखिकेला हे ऐकून काय वाटलं असतं! पण माझी पाळी आली, त्यांनी मान वर करून पाहिलं आणि माझ्या तोंडून निघालं, "तुमची सगळी पुस्तकं वाचली आहेत." त्या छान हसल्या, सही केली, पुस्तक माझ्याकडे सरकवलं. त्या पुन्हा नागपूरला आल्या नाहीत. सही आजही माझ्या कपाटात आहे. आजींची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली नाही, ती माझ्याकडेच राहून गेली. तुमच्या बाबतीत तसं होऊ नये.

झेरॉक्सचं बोलू. तुम्हाला अपराधी वाटतं हे पत्रातून दिसतं, आणि थोडं वाटायलाही हवं. आख्ख्या पुस्तकाची झेरॉक्स काढणं लेखकाच्या आणि प्रकाशकाच्या हक्काला धरून नाही. पण माझीही एक बाजू आहे, टेबलापलीकडची. संपलेल्या आवृत्तीचं पुस्तक मागायला लोक यायचे आणि मी नुसती "प्रत नाही" म्हणून मान हलवायची. मराठी पुस्तकाच्या हजार प्रती संपायला कधी कधी वर्षानुवर्षं लागतात. त्या संपल्या की प्रकाशक पुन्हा छापायचं धाडस करेपर्यंत आणखी वर्षं जातात. मधल्या काळात ते पुस्तक जिवंत ठेवलं ते तुमच्यासारख्यांनी. म्हणून झेरॉक्सची लाज बाळगू नका. पण आता नवी आवृत्ती आली आहे, तर तुमच्याकडे सबब उरलेली नाही.

सभागृहाबाहेर प्रकाशकाचं टेबल असेल. तिथे नवी प्रत विकत घ्या आणि सही तिच्यावर मागा. गांधीजी सही देताना हरिजन निधीसाठी पाच रुपये घेत. त्यांचा सेवाग्राम आपल्या शेजारचाच, म्हणून ही गोष्ट आमच्या घरी लहानपणी नेहमी सांगायचे. सही मागणाऱ्याने आपलंही काही द्यावं, हे मला मनापासून पटतं. लेखकाला ते देणं म्हणजे त्याचं पुस्तक विकत घेणं. त्या दिवशी टेबलावरच्या किती प्रती गेल्या हे प्रकाशक मोजतो, आणि पुढची आवृत्ती काढायची की नाही याचा अंदाज त्यावरूनही बांधतो.

सही झाली, पुस्तक हातात आलं, की मग झेरॉक्स बाहेर काढा. क्रम उलटा करू नका. आधी स्पायरलचा गठ्ठा दिसला तर लेखकाच्या मनात पहिली शंका चोरटी प्रत हीच येणार. नव्या प्रतीनंतर तो गठ्ठा पुढे आला तर एका दृष्टिक्षेपात सगळं कळेल. पान ८४ उघडा. झेरॉक्सवाल्याचा काळा अंगठा, बाजूला तुमच्या अक्षरात त्या दिवशीचा टनाचा भाव, खाली गाडीचा नंबर, आणि मधोमध त्यांचा परिच्छेद. एवढंच सांगा, "पुस्तक मिळत नव्हतं तेव्हा यावर वाचलं." बाकी ते पान बोलेल. झेरॉक्सवर सही मागू नका. त्यांनी स्वतःहून पेन पुढे केलं तर नाही म्हणू नका.

तिथल्या काही बारीकसारीक गोष्टी सांगते, पहिल्यांदा जाणाऱ्याला त्या कुणी सांगत नाही. तुम्ही प्रजापती नगरहून मेट्रो धरा. झाशी राणी चौक त्याच मार्गावर आहे, सीताबर्डीला गाडी बदलायची गरज नाही. दिलेल्या वेळेच्या अर्धा-पाऊण तास आधी पोचा. पहिल्या दोन रांगा निमंत्रितांसाठी असतात, तिथे बसून मग उठावं लागलं की उगाच मनाला लागतं. मधल्या भागात, पण रांगेच्या कडेची खुर्ची घ्या, म्हणजे माइकपर्यंत जाताना पाच माणसांचे गुडघे ओलांडावे लागत नाहीत. दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, सत्कार यात बराच वेळ जाईल, कंटाळू नका. प्रश्न चिठ्ठीवर मागितले तर चिठ्ठीवर नावासोबत 'दिवाणजी, कळमना' असं नक्की लिहा. ते वाचून सूत्रसंचालक ती चिठ्ठी बाजूला ठेवणार नाहीत.

आभाराचं भाषण सुरू झालं की लोक उठायला लागतात आणि सहीच्या रांगेसाठी धावपळ होते. तुम्ही धावू नका. रांगेत शेवटी राहिलात तरी बिघडत नाही, उलट शेवटच्या दोन-चार जणांना लेखक निवांत भेटतो. पुस्तक आधीच उघडून ठेवा, मुखपृष्ठ उलटल्यावर नुसतं पुस्तकाचं नाव छापलेलं पान येतं ते. त्यात एका चिटोऱ्यावर तुमचं नाव स्वच्छ अक्षरात लिहून ठेवा. गोंगाटात नाव नीट ऐकू येत नाही, आणि चुकीचं नाव पडलं की जन्मभर ते तसंच राहतं. साधं बॉलपेन सोबत असू द्या. जेलची शाई ओली असताना पुस्तक मिटलं की समोरच्या पानावर डाग उठतो. एका वेळी एकच पुस्तक. फोटो हवा असेल तर सही करताना टेबलाच्या मागे जाऊन उभं राहू नका, झाल्यावर "एक फोटो चालेल का, सर?" असं विचारा. पाया पडायचं मनात असेल तर तेही सहीनंतरच. पेन हातात असताना कुणी वाकलं की वयस्कर माणूस गडबडतो.

ते तुमच्याशी तुटक वागले तर? शक्यता आहे. रात्रभराचा प्रवास, दिवसभर भेटायला येणारे, दोन तास बोलणं, मग शंभर सह्या. त्या वयात एवढं झाल्यावर कुणाचाही चेहरा आक्रसतो. तसं झालं तर घरी येऊन कादंबरी आठव्यांदा वाचा, नव्या प्रतीतून. ती तुमच्याशी बावीस वर्षांच्या नोकरीत कधी तुटक वागलेली नाही.

आणि वहिनींना सोबत न्या. "चूपचाप घरी या" म्हणणाऱ्या माणसाने तुम्हाला माइकसमोर उभं राहिलेलं एकदा पाहायला हवं. त्यांचा मुद्दाही तसा चुकीचा नाही, त्यांना तुमचा अपमान झालेला पाहवणार नाही म्हणून त्या असं म्हणतात. ज्या कादंबरीमुळे त्यांनी कितीदा गार झालेला चहा पुन्हा गरम केला असेल, ती लिहिणारा माणूस त्यांनाही दिसू द्या. मुनिमाच्या घराबद्दल तुम्ही विचाराल तेव्हा ते घर शेजारच्या खुर्चीवरच बसलेलं असेल.

झेरॉक्स पिशवीत सगळ्यात वर ठेवा, डब्याखाली नको. पान ८४ मध्ये खूण म्हणून एक कोरी पट्टी घाला.